चारचौघांतली गिटार

वाद्य येणे आणि ते चारचौघांसमोर वाजविता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत. हे विधान कोणालाही पटण्याजोगे असले, तरी आपल्याकडील गिटारवादनाचा व्यवहार पाहिला म्हणजे ते प्रत्यक्षात कोणालाच पटलेले नाही, असे म्हणावे लागते. पहिली विद्या साधली की दुसरी तिच्या पाठोपाठ आपोआप येते, या समजुतीवर आजचा बहुतेक होतकरू वादक विसंबून असतो. आणि ती आली नाही म्हणजे दैवाला, ध्वनिक्षेपकाला किंवा श्रोत्यांच्या अरसिकतेला दोष देऊन तो मोकळा होतो. या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न बालाघाटहून उपस्थित करण्यात काही औचित्य आहे. वैनगंगेकाठचा हा जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरापूर्वी नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेले आणि बालाघाट दुसरीकडे राहिले. येथल्या मराठी घरांत भावगीत आले ते बहुतांशी आकाशवाणीच्या लहरींवरून. चित्रपटगीत तर चोहोकडून आले. संगीताचे विश्वविद्यालय खैरागढला, म्हणजे जवळजवळ शेजारी, आणि तेही १९५६ सालीच स्थापन झालेले. उत्तरेस याच राज्यात मैहर आहे. पण गिटारीला येथे पिढीजात परंपरा नाही. भरवेलीच्या खाणीतून निघणारे मँगनीज पोलादात जाते आणि गिटारीची तार पोलादाची असते, एवढाच काय तो या जिल्ह्याचा आणि त्या वाद्याचा जुना ऋणानुबंध! तेव्हा घराण्याचा आधार नाही, चर्चमधल्या गायकवृंदाची सवय नाही आणि व्यावसायिक वाद्यवृंदात उमेदवारी करण्याची सोय नाही, अशा गावी गिटार हाती घेणारा मुलगा शिकतो कसा आणि अडतो कोठे, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे मूळ रूप दिसते. मोठ्या शहरांत ते इतर अनेक गोष्टींनी झाकले जाते.

तो कोठे अडतो? गाणे घरी बिनचूक वाजत असते. गणेशोत्सवाच्या किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर पहिले कडवे बरे जाते. मग एखादे बोट घसरते. त्याबरोबर तो थांबतो, मागे जातो आणि चुकलेला तुकडा पुन्हा वाजवू लागतो. गाणारी तोवर पुढे गेलेली असते, तबलजीने सम गाठलेली असते, आणि आता मध्येच कोठे शिरावे हे न कळल्यामुळे तो उरलेले गाणे खाली मान घालून कसेबसे ओढतो. लोक याला सभाभीती म्हणतात. भीती असतेच; पण ती या घटनेचे संपूर्ण कारण नव्हे. घरी खोलीत बसून वाजविताना चूक झाली की थांबायचे आणि मागे जायचे, हेच त्याने वर्षभर केलेले असते. व्यासपीठावर त्याने वेगळे असे काही केले नाही. ज्याचा रियाज केला तेच वाजविले. दुर्दैव एवढेच की, नकळत त्याने थांबण्याचा रियाज केला होता.

या दृष्टीने गोमंतकाची परंपरा पाहण्यासारखी आहे. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोलफेजचे, म्हणजे स्वरलेखन वाचून गाण्याचे, शिक्षण मिळाले. या शिक्षणाची थोरवी सांगताना बहुधा स्वरलेखनाचाच गौरव केला जातो. परंतु तिचे दुसरे अंग अधिक मोलाचे आहे. तो मुलगा पहिल्या दिवसापासून इतरांबरोबर गात असे. आपला स्वर चुकला म्हणून गायकवृंद थांबत नाही, प्रार्थना थांबत नाही, हे त्याला नकळत्या वयात उमगे. पुढे लग्नाचा मांडव, मांडो, तियात्र अशा पायऱ्या होत्याच. १८९२ साली मुंबईत पहिले तियात्र रंगभूमीवर आले, तेव्हापासून तर गोमंतकीय वादकाला नटाच्या आणि गायकाच्या तालावर चालण्याची एक शाळाच मिळाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात आन्थनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोमंतकीयांनी जे स्थान मिळविले, त्याच्या मुळाशी ही शाळा आहे. त्या काळी सबंध वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण एका दमात होई; एकाची चूक म्हणजे सर्वांचे श्रम वाया. तेथे टिकणे म्हणजे नुसते वाजविता येणे नव्हे, तर दर वेळी, सर्वांच्या बरोबर आणि ठरल्या क्षणी वाजविता येणे होय.

या शिक्षणाला मर्यादाही आहे, हे मान्य करावयास हवे. कागदावरचा पुढला स्वर ठाऊक असणे आणि गायकाच्या मनातला पुढला स्वर ओळखणे यांत अंतर आहे. पण उत्तम गोमंतकीय वादकांनी ही मर्यादाही ओलांडली. मुंबईत १९३६ साली जन्मलेला, गोमंतकीय वंशाचा गिटारवादक आमान्सियो डिसिल्व्हा लंडनला गेला आणि १९६९ साली जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. दोन खंडांतली दोन माणसे जॅझच्या भूमीवर एकमेकांचे ऐकत वाजवितात, ही गोष्ट केवळ वाचनाने साधणारी नव्हे. तिला कान लागतो, आणि तो कान सोबतीने वाजविल्यावाचून तयार होत नाही.

दुसरी परंपरा मैहरची. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या नावाबरोबर आपल्याला त्यांचे थोर शिष्य आठवतात. पण १९१८ च्या सुमारास त्यांनी मैहरच्या अनाथ मुलांना जमवून एक वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग करून त्यात बसविले, ही हकिकत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. एकलवादनाच्या त्या महान गुरूलाही समूहवादनाचे शिक्षण हीन वाटले नाही. त्याच घराण्यात, त्यांचे पुत्र अली अकबर खाँ यांच्याकडे, १९३७ साली जोधपूरला जन्मलेले ब्रिजभूषण काब्रा शिकले आणि हवाइयन गिटार रागसंगीताच्या मैफलीत आली. पडद्यांच्या गिटारीवर स्वर ठोकळ्याठोकळ्यांनी मिळतात. तार ओढून स्वर चढविता येतो, पण मोकळ्या मींडेला वाव फार थोडा. काब्रांनी गिटार आडवी घेऊन तारेवर पोलादी कांडी सरकविली आणि दोन स्वरांमधली सबंध वाट मोकळी केली. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काब्रा या तिघांची, माणिकराव पोपटकरांच्या तबल्यासह, ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे निर्माते मराठी भावगीताचे एक आद्य गायक जी. एन. जोशी होते, हे मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावे.

ही ध्वनिमुद्रिका गिटार शिकणाऱ्याने पुन्हा पुन्हा ऐकावी. मात्र काब्रा काय वाजवितात एवढ्यासाठीच नव्हे, ते केव्हा वाजवीत नाहीत यासाठी. संतुराचा स्वर आघाताचा, उमटताच विरू लागणारा. बासरी आणि सरकती गिटार या दोघींचा पिंड लांबणाऱ्या स्वराचा. तीन वाद्ये एकत्र आणली की, दोन लांब स्वर एकमेकांच्या अंगावर पडण्याचा धोका नेहमीचा. तो टाळला जातो तो जागा सोडण्याच्या कलेने. ही कला कोणत्याही स्वरलिपीत लिहिलेली नसते, आणि एकट्याने खोलीत बसून तिचा अभ्यास होऊ शकत नाही. कारण सोडावयाची जागा ही नेहमी दुसऱ्यासाठी असते.

येथे एक शंका घेतली जाईल. पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन वादक राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका १९९३ साली प्रसिद्ध झाली व १९९४ साली तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हे दोघे ध्वनिमुद्रणापूर्वी तासाभराच्या आतच प्रथम भेटले होते. मग तालमीचे एवढे स्तोम कशाला? या शंकेत पूर्वतयारी आणि तालीम यांची गल्लत आहे. भट्ट आणि कूडर यांनी ती विशिष्ट रचना बसविली नव्हती हे खरे. परंतु अनोळखी माणसाचे ऐकून त्या क्षणी उत्तर देण्याची तयारी दोघांनीही आयुष्यभर केली होती. आपल्या नवशिक्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याने विशिष्ट रचना शंभर वेळा बसविलेली असते आणि ऐकण्याची तयारी एकदाही केलेली नसते.

आज त्याचा गुरू म्हणजे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरची चित्रफीत. तिची निंदा करण्याचे कारण नाही. ज्या गावी शिक्षक नाही तेथे बोटे कोठे ठेवावीत हे दाखविणारा कोणी मिळाला, हा लाभच आहे. पण चित्रफीत बोलते, ऐकत नाही. मनगट ताठ धरले आहे, लय पळते आहे, हे ती सांगू शकत नाही. याहून घातक प्रकार तयार ध्वनिफितीवर वाजविण्याचा. वाद्यवृंदाच्या जागी आता गावोगाव फीत लावून गाण्याची प्रथा पडली आहे, आणि गिटारवादकही फितीबरोबर वाजविण्याचा सराव करतो. फीत कधी चुकत नाही, कधी थांबत नाही, कोणासाठी रेंगाळत नाही. माणूस मात्र श्वास घेतो. आवडत्या शब्दावर थबकतो. टाळी पडली की एक ओळ पुन्हा म्हणतो. केवळ फितीवर वाढलेला वादक अशा वेळी गायकाला सोडून सरळ पुढे निघून जातो आणि वर आपली लय पक्की असल्याचा अभिमान बाळगतो. त्याच्या लयीत चूक नसेल. पण त्या लयीला शेजारी कोणी माणूस आहे याची जाणीवच नाही.

तर मग या दुसऱ्या विद्येचे स्वरूप काय? तिची काही अंगे स्पष्ट सांगता येतात.

पहिले अंग रियाजाच्या प्रकाराचे. रियाज दोन जातींचा हवा. एक दुरुस्तीचा: तुकडा घ्यावा, लय निम्मी करावी, चूक सापडली की थांबून ती घालवावी. दुसरा प्रयोगाचा: एकदा गाणे सुरू केले की शेवटच्या स्वरापर्यंत काहीही झाले तरी थांबू नये. डावा हात चुकला तर चुकू द्यावा, उजव्या हाताची चाल मोडू नये, आणि पुढल्या ओळीच्या आरंभी पुन्हा बरोबर व्हावे. नवशिका फक्त पहिल्या जातीचा रियाज करतो आणि परीक्षा दुसरीची देतो. चुकलेला स्वर श्रोते क्षणात विसरतात. तुटलेली लय त्यांच्या कायमची ध्यानात राहते.

दुसरे अंग स्मरणाचे. बोटांची आठवण साखळीसारखी असते. एक कडी निखळली की पुढचे सारे हरवते. म्हणून गाणे पहिल्या ओळीपासूनच नव्हे, तर कोणत्याही अंतऱ्यापासून उचलता आले पाहिजे. तसेच स्वरसंघात बोटांच्या आकाराने नव्हे, तर षड्जाशी असलेल्या त्याच्या नात्याने ध्यानात ठेवावा. गाणारी ऐन वेळी म्हणाली की आज घसा बसला आहे, पांढरी चार नको, काळी एक घ्या, तर नात्याने शिकलेला वादक पाचव्या पडद्यावरचा कॅपो पहिल्या पडद्यावर आणतो आणि त्याच आकारांनी निर्धास्त वाजवितो. आकाराने शिकलेला वादक काळी एक म्हणजे काय येथपासून चाचपडू लागतो.

तिसरे अंग देहाचे. समूहापुढे उभे राहिले की नाडी जलद होते, हातांकडील रक्त ओसरून बोटे गार पडतात, आणि छातीतल्या ठोक्याबरोबर लय चढते. हे भित्रेपणाचे लक्षण नसून शरीराचा धर्म आहे. तो नाहीसा होण्याची वाट पाहू नये, त्यात वाजविण्याची सवय करावी. जिना भरभर चढून येऊन, धाप लागलेली असतानाच वाद्य हाती घ्यावे आणि संथ गाणे संथच ठेवता येते का ते पाहावे. आरंभ करण्यापूर्वी मनात एक ओळ गाऊन घ्यावी, म्हणजे लय गाण्यातून ठरते, ठोक्यातून नव्हे. आणि पहिल्या प्रयोगासाठी आपल्या शक्तीच्या अगदी टोकाची रचना घेऊ नये. दोन पायऱ्या खालची घ्यावी. घरी दहांत सात वेळा जमते ते व्यासपीठावर न जमण्याचीच शक्यता अधिक.

चौथे अंग वाद्याच्या आणि विजेच्या व्यवहाराचे. नवी तार काही काळ ताणली जात राहते, म्हणून कार्यक्रमाच्या सायंकाळी तारा बदलू नयेत. त्या दोनतीन दिवस आधी चढवाव्यात. बंद खोलीत मिळविलेली गिटार मांडवातल्या दिव्यांच्या उष्णतेत उतरते वा चढते, तेव्हा व्यासपीठावर पुन्हा मिळविणे ही नामुष्की नव्हे. ध्वनिवर्धकाकडे तोंड करून उभे राहिल्यास वाद्याचाच आवाज वाद्यात शिरून किंकाळी उठते. जादा तारांचा एक संच पेटीत असावा. या गोष्टी क्षुद्र वाटतात. पण कार्यक्रम फसतात ते पुष्कळदा अशाच गोष्टींनी.

पाचवे अंग संयमाचे, आणि ते मराठी भावगीताच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे. आपले गीत मींडेवर आणि स्वरांच्या आसेवर जगते. गायक कोमल गांधारावर रेंगाळत असता गिटारीने शुद्ध गांधार असलेला मेजर स्वरसंघात ठणकावून दिला, तर गीताचा प्राण जातो. जेथे खात्री नाही तेथे केवळ षड्ज-पंचम छेडावा. त्यात गांधारच नसल्याने विरोधही नसतो. वादकाने गप्प राहण्याची लाज वाटून घेऊ नये.

एवढ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कला स्वान्तःसुखाय असू शकत नाही काय? फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) हा आधुनिक गिटारवादनाचा जनक; त्यालाही विशाल सभागृहापेक्षा मोजक्या स्नेह्यांची बैठकच अधिक प्रिय होती. मग प्रत्येकाने व्यासपीठावर का चढावे? उत्तर असे की प्रत्येकाने चढलेच पाहिजे असे नाही. पण तारेगाच्या बैठकीतही कोणी तरी ऐकणारे होते. आंद्रेस सेगोविया (१८९३-१९८७) बव्हंशी स्वशिक्षित असूनही पोरवयातच लोकांसमोर वाजवू लागला, आणि ध्वनिवर्धकाला नकार देत त्याने मोठमोठी सभागृहे या मंद आवाजाच्या वाद्याकडे कान लावून बसविली. एकाची बैठक लहान, दुसऱ्याची मोठी. ऐकणारा दोघांनाही हवा होता. व्यासपीठ ऐच्छिक आहे. श्रोता ऐच्छिक नाही. दुसऱ्याच्या कानातून आपले वादन ऐकल्याशिवाय वादकाला स्वतःचे दोष कळत नाहीत, आणि गुणही कळत नाहीत.

यात पणाला काय लागले आहे, हे शेवटी स्पष्ट म्हटले पाहिजे. एखाद्या मुलाचे एक गाणे फसले याचे दुःख फार नाही. परंतु पहिल्या फजितीनंतर गिटार कपाटावर ठेवून देणारी मुले आपल्या लहान गावांतून पुष्कळ आहेत. आपल्या अंगी कला नाही असा निकाल ती स्वतःविरुद्ध देतात, आणि तो निकाल चुकीचा असतो. उणीव कलेची नसून मधल्या पायऱ्यांची असते. गोमंतकातल्या मुलाला गायकवृंद, लग्नमांडव, तियात्र या पायऱ्या समाजाने बांधून दिल्या होत्या. मैहरच्या अनाथांना त्या बाबांनी बांधून दिल्या. बालाघाटच्या, गोंदियाच्या, भंडाऱ्याच्या मुलाला घरातल्या खोलीतून एकदम हजार माणसांच्या मांडवात उडी मारावी लागते, आणि तो पडला की आपण त्याला हसतो.

या पायऱ्या बांधणे फारसे खर्चाचे नाही. घरातले एक वडीलधारे माणूस, मग चार मित्र, मग शेजारच्या भजनात टाळ-पेटीच्या जोडीला दोन स्वरांची साथ, मग शाळेचे स्नेहसंमेलन, आणि मग मांडव: असा क्रम प्रत्येक गावात शक्य आहे. उत्सव-मंडळांनी फितीवरच्या गाण्यांच्या रांगेत दहा मिनिटे एका गायकाला आणि एका वादकाला द्यावीत. अट एवढीच की फीत बंद राहील. आणि आपण श्रोत्यांनी, लय न सोडता चुकत चुकत शेवटापर्यंत गेलेल्या मुलासाठी, बिनचूक फितीसाठी वाजवितो त्याहून थोडी अधिक टाळी राखून ठेवावी.